वाजलं का काही?

बाबांचा उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला,
डावा हल्ली अर्धाच राहिलाय.
म्हणून या उन्हाळ्यात आव्याजवळ मी बसले.

मातीचं मात्र सगळं अजून त्यांचंच.
तलावाच्या गाळात किती राख, किती लीद,
मागच्या आव्यातल्या खापरांचा किती भुगा,
ते मुठीत दाबून ठरवतात.
मूठ उघडली की गोळ्यावर
त्यांच्या तळहाताच्या रेघा उमटलेल्या.
"रेघ फाटली तं मडकं फाटन."
एवढंच. वही नाही, तराजू नाही.

मे महिन्यात आमच्याकडे ऊन वाळवत नाही,
तडकवतं.
काठ वाळून मोकळा होतो, बूड ओलंच मागे राहतं,
आणि दोघांच्या ओढाताणीत मधलं पोट जातं.
म्हणून गोठ्याच्या सावलीत,
पश्चिमेच्या दाराला तरट, तरटावर पाणी,
अकरा दिवस.
रोज पालथं, रोज उताणं,
बाजेवरच्या आजारी माणसाची कूस बदलावी तसं.
शेजारची पंचफुला हसायची,
"माणसायले कूलर नाही, अन् मडक्यायले खसची ताटी!"

बाराव्या दिवशी बाबा एकेक माठ गालाला लावतात.
गार लागला म्हणजे आत अजून पाणी आहे.
"हा गार हाय. ठेव मांगं."
सदतिसातले पाच मागे राहिले.
सहावा मी लावला, माझ्या गालाला.
मला तो कोमट वाटला.
सोमवारी उमरेडचा बाजार होता,
कोमट वाटणं सोयीचं होतं.

रचताना कोणी बोललं नाही.
खाली गोवऱ्या, त्यावर पऱ्हाट्या,
मोठ्यांच्या पोटात धाकटी,
खांद्याला खांदा लागू नये म्हणून मध्ये खापरांचे तुकडे.
वर तणस, तणसावर राख-चिखलाचा लेप,
वाऱ्याकडची बाजू जरा जाड.

मग नुसता धूर.
मध्यरात्रीपर्यंत जाळ दिसता कामा नये.
धुराच्या तोंडावर तळवा धरायचा,
तळवा ओला झाला की थांबायचं,
घाम कोणाचा, आपला की मातीचा,
ते ज्याचं त्याने ओळखायचं.
बाबा बाजेवरून बोटांनी सांगत होते: हळू. हळू.
माझ्या काखेत पऱ्हाट्यांची मोळी होती.

दोनच्या सुमाराला आतून एक आवाज आला.
मोठा नाही.
पलीकडच्या खोलीत कोणी सुपारी कातरावी, एवढाच.
"वाजलं का काही?" अंधारातून बाबा.
"नाही," मी म्हटलं.
मग नाही हे हाताने पुन्हा करून दाखवलं.
ते कुशीवर वळले,
चांगला कान उशीत घालून.

जाळ विझल्यावरही दोन दिवस
त्यांनी आव्याला हात लावू दिला नाही.
"आंगातली आग गेली नाही त्याच्या.
वारा लागला का दचकते."
तेवढ्यात सोमवार निघून गेला.

तिसऱ्या दिवशी राख बाजूला केली.
मी बोटाच्या पेराने वाजवत गेले.
टण्ण. टण्ण. टण्ण.
बाबा माझ्या बोटांकडे नाही,
चेहऱ्याकडे बघत होते.
एक माठ बोलला नाही, नुसता थप्प झाला.
लालभडक होता, गोल होता,
डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.
मी तो चांगल्यांच्या रांगेत ठेवला.

ते उठले. रांगेतून चालत आले.
वाजवून बघायचा त्यांना उपयोग नव्हता,
त्यांनी अंगठ्याचं नख काठापासून खाली ओढत नेलं,
एकावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर,
आणि त्या माठाच्या पोटाशी
नख अडलं.

केसाएवढी.

"त्या रात्री वाजलं व्हतं ना?"

मी पायाने राख सारखी करत राहिले.

"सांगत जा वं, छबू.
मले झोप तं तशीबी येत नाही."

माठ त्यांनी माझ्या हातात दिला
आणि पुढच्याकडे गेले.
कुटायला न्यायच्या आधी
मी तो एकदा गालाला लावला.
आता तो खरंच कोमट होता.